काटा शून्यावर हवा

१४ जानेवारी

हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलंय, डाव्या हाताने रोज काहीतरी लिहा, काहीही लिहा. तर हे काहीही. जाड पेन्सिल, दुरेघी वही आणि पहिलीतल्या पोरालाही लाज वाटेल असं अक्षर. चार ओळी झाल्या की मनगट थरथरतं, मग थांबायचं, मग पुढच्या चार. मला घाई नाही. दोन वर्षांपूर्वी ट्रक तोलायच्या काट्याखाली काम करताना जॅक सरकला आणि उजवा पंजा खाली चेचला, तेव्हापासून मला कसलीच घाई नाही. डावं मनगट त्याच दिवशी मोडलं आणि वाकडं जुळलं.

आज अपंगत्व भत्त्याची तपासणी झाली. भत्ता मंजूर झाला तर सकाळी तीन तास मदतनीस मिळेल. आंघोळ, कपडे, बूट, खाण्याचं बारीक करून देणं. हे सगळं सध्या ही करते आणि मग लाँड्रीत इस्त्री करायला पळते. नियम साधा आहे: दोन हातांपैकी जो बरा असेल त्याची पकड दहा किलोच्या खाली हवी.

बाहेरच्या बाकावर माझ्या आधी एक बाई होत्या, निळा स्कार्फ, हात मांडीवर उताणे ठेवलेले. त्या आत जाऊन आल्या आणि सोबतच्या मुलीला म्हणाल्या, "बारा आले म्हणे. चल."

तपासनीस तरुण, बूट चकचकीत. टेबलावर पकड मोजायचं यंत्र होतं. मुठीत धरून दाबायचं, वर गोल तबकडी, त्यावर काटा फिरतो. मी अजून खुर्चीत टेकलोही नव्हतो आणि मला दिसलं. कुणी हात लावलेला नाही आणि काटा पाचावर उभा.

एकतीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त केले. सोनाराचे, भंगारवाल्याचे, दवाखान्यात तान्ही बाळं तोलायचे. रिकामा काटा शून्यावर नसेल तर मला दुसरं काही ऐकूच येत नाही. तपासनीस नाव विचारत होता, मी काट्याकडे बघत होतो.

"साहेब, हा पाचावर आहे," मी म्हणालो.

"असू दे हो. थोडंफार चालतं."

थोडंफार! पाच किलो म्हणजे थोडंफार! माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला अजूनही तो चिमुकला पेचकस आहे. यंत्र दोन गुडघ्यांत दाबून धरलं, मागचं रबरी बूच दाताने काढलं आणि डाव्या हाताने शून्याचा स्क्रू फिरवला. पेचकस दोनदा पडला. तपासनीस तोवर मोबाईल बघत होता. वेळ लागला, पण काटा शून्यावर आणूनच थांबलो. मग त्याला म्हणालो, "याची नोंद करा. आमच्यात काटा चुकीचा सापडला की तारीख घालून लिहावंच लागतं."

"हो हो, करतो," तो म्हणाला.

मग माझे हात मोजले. उजवा दोन, डावा सहा. एकंदर बरं झालं. एक काम नीट करून आल्यासारखं वाटलं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

१६ जानेवारी

हात सुजला. चमचा धरवत नाही. एवढंच.

२० जानेवारी

हिला आज यंत्राचं सांगितलं. वाटलं, हसेल. तिने कपाळाला हात लावला. "अहो, ते यंत्र तुमचं होतं का? कशाला हात लावायचा?"

म्हटलं, चुकीच्या काट्यावर मी स्वतःला तोलून घेऊ? ती माझ्या शर्टाची बटणं लावायला लागली. हल्ली तिला प्रत्येक बटणाला वेळ लागतो. लक्ष दुसरीकडे असतं.

११ फेब्रुवारी

पत्र आलं. नामंजूर.

मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मी वाढवून सांगतो:

"अर्जदार स्वच्छ व नीटनेटक्या पोशाखात उपस्थित होते. शर्टाची सर्व बटणे लावलेली होती. तपासणीदरम्यान अर्जदारांनी स्वतःहून मोजमाप उपकरण हाती घेऊन त्याची दुरुस्ती केली. यावरून बोटांची सूक्ष्म कामे करण्याची क्षमता उत्तम असल्याचे दिसते. पकडीचे वाचन (डावा सहा) या निरीक्षणाशी विसंगत असून अर्जदारांनी पुरेसा जोर लावला नसावा."

बटणं हिने लावली, गाढवा! सकाळी सहाला उठून, ओणवी होऊन, एकेक करून. बटणांवर तिचं नाव लिहून पाठवू का पुढच्या वेळी?

आणि पुरेसा जोर लावला नसावा! मी! आयुष्यभर ज्याने लोकांचं अर्ध्या ग्रॅमचं खोटं पकडलं, तो माणूस तुझ्यासमोर खोटी मूठ दाबणार?

मी म्हणालो होतो, नोंद करा. केली त्याने नोंद.

१२ फेब्रुवारी

राग उतरलेला नाही. उलट हिशोब डोक्यात बसला आणि तो वाढला. समजा मी त्या काट्याला हातच लावला नसता. माझे सहा, काट्याचे फुकटचे पाच. अकरा. दहाच्या वर. नामंजूर. म्हणजे काटा चुकीचा असता तरी मी घरी, काटा बरोबर केला तरी मी घरी.

ही म्हणाली, "ओरडू नका, खाली ऐकू जातं." जाऊ दे की ऐकू! खालची शेजारीण तरी कुठे परकी आहे. हल्ली ही रोज काही ना काही घेऊन तिच्याकडे जाते. आज जॅमची बरणी. उघडून आणते म्हणे. घरात मी आहे तो काय शोभेला, असं मनात आलं, आणि मग आठवलं की हो, शोभेलाच आहे.

१७ फेब्रुवारी

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मोफत सल्ला देणाऱ्या एक बाई बसतात. सरकारी कचेरीतून निवृत्त, आवाज खणखणीत. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तुम्ही यंत्र का दुरुस्त केलंत?"

"ते चुकीचं होतं."

"ते मला कळलं. का दुरुस्त केलंत?"

मला प्रश्नच कळेना. शेवटी सोबत आलेली हीच म्हणाली, "बाई, रस्त्यात कुणाचं घड्याळ बंद दिसलं तरी हे थांबतात. काय सांगू तुम्हाला."

बाईंनी अपिलाचा अर्ज भरला. सुनावणी महिन्याभरात. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक सांगते, नीट ऐका. खोलीत तुम्ही दोघंच होतात. काट्यावरून तो तपासनीस वाद घालायला येणार नाही, कारण ते त्याच्याच अंगाशी येईल. तेव्हा तुम्ही म्हणा, मी फक्त बोट दाखवलं, दुरुस्त त्यानेच केलं. विषय संपला."

विषय संपला म्हणे.

२४ फेब्रुवारी

छटाक आला होता. आम्ही एकाच दुकानात पंचवीस वर्षं काम केलं. उंचीने एवढासा, म्हणून छटाक, मी मिस्त्री. त्याने पिशवीतून तसंच एक पकड मोजायचं यंत्र काढलं. कुठल्याशा व्यायामशाळेने भंगारात टाकलेलं, ते त्याने दुकानात ठेवून घेतलं होतं.

"अरे मिस्त्री, तुला दाखवायचंय ना त्यांना काटा कसा सरकतो ते? घे. याच्या स्प्रिंगला गंज आहे, पण तबकडी ठणठणीत."

हात आधीसारखे असते तर मी त्याच्या पाठीत थाप मारली असती. तोंडाने शिवी दिली. त्याला पोचली.

२८ फेब्रुवारी

चार दिवस यंत्रावर बसलो. मी सांगायचं, छटाकने हात चालवायचे, आणि जिथे मला राहवेना तिथे मी घुसायचो. स्प्रिंग बदलली. शून्य लावलं. मग दुकानातली प्रमाण वजनं मागवली आणि पट्ट्याने मुठीला लटकवून पाहिली: पाचला पाच, दहाला दहा, वीसला वीस. काटा असा उभा राहिला की बघत राहावं.

मग माणसं तोलली. छटाकने दाबलं: चौतीस. "एवढ्याशा देहात एवढं?" म्हटलं. तो म्हणाला, "देह छोटा, मूठ बापाची."

मी दाबलं: डावा सहा. तेच. तो तपासनीस असता तिथे तर त्याच्या नाकासमोर धरलं असतं.

तेवढ्यात ही कामावरून आली. म्हटलं, ये, तूही दाब. धडधाकट बाईचं वाचन हाताशी असलेलं बरं, अपिलाच्या मंडळाला फरक दाखवता येईल. ती नको म्हणत होती. आग्रह केला.

उजवा अकरा. डावा तेरा.

हे काही खरं नव्हे. दिवसाला शंभर कपडे इस्त्री करणारी बाई, पंचवीस तरी यायला हवेत. मी म्हटलं, "अगं, नीट दाब. लाजतेस काय?"

"दाबलं की," ती म्हणाली.

पुन्हा दाबायला लावलं. अकरा. छटाकने वजन लटकवून पाहिलं, दहाला दहा बरोबर. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, हलक्या वजनाला बरोबर दाखवत असेल, जोर लावला की स्प्रिंग अडकत असेल. तो म्हणाला, "मग माझे चौतीस कुठून आले?" मी स्प्रिंग पुन्हा काढायला लावली. तेल दिलं. तिसऱ्यांदा हिला बोलावलं तर ती आत निघून गेली. मी मोठ्याने म्हणालो, "मुद्दाम हळू दाबतेस! माझं काम आहे म्हणून!"

छटाक जाताना दारात थांबला. काहीतरी बोलेलसं वाटलं. "पेचकस सांभाळ," एवढंच म्हणाला.

३ मार्च

कप फुटला. माझ्या हातून नाही, हिच्या. तीच म्हणाली, "ओला होता." गेल्या आठवड्यातलाही ओलाच होता.

घरात नवीन कायदे निघालेत. बाटल्यांची झाकणं घट्ट लावायची नाहीत. मोठी किटली माळ्यावर, चहा छोटीत, दोन खेपांत. पाव कापलेलाच आणायचा. मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाली, सोपं पडतं. बाईमाणसाला मधूनच घर बदलावंसं वाटतं. मी माझ्या अपिलाच्या कागदांत डोकं घातलं.

९ मार्च

आज सकाळी पलंगावर बसून बुटात पाय घालत होतो. ही खाली बसून नाडी बांधत होती, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. आणि मला एकदम ते निळ्या स्कार्फवालीचं आठवलं. बारा आले म्हणे.

बारा वजा पाच.

सात! तिचे सात आले होते! ती पात्र होती. माझ्या आधी पंधरा मिनिटं ती त्याच काट्यावर दाबून गेली आणि मुलीला घेऊन खाली मान घालून निघून गेली. आणि तिच्या आधी? आदल्या दिवशी? तो काटा पाचावर कधीपासून होता? शून्याच्या स्क्रूवर बसलेला गंज बघता महिने झाले असतील. दहाच्या खालचे किती जण दहाच्या वर होऊन घरी गेले असतील!

आमच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही. काटा चुकीचा सापडला, की तो दुरुस्त करून भागत नाही. शेवटचा बरोबर कधी होता ते शोधायचं, आणि तेव्हापासूनचं सगळं तोललेलं पुन्हा तोलायचं. किराणा दुकानदाराला आम्ही हे करायला लावायचो. रडकुंडीला यायचे, पण करायचे. साखरेचं पुन्हा तोलतात आणि माणसांचं नाही?

आता त्या सल्ला देणाऱ्या बाईंचं ऐकायचं कसं? दुरुस्त मी केलं नाही म्हटलं तर माझा भत्ता कदाचित वाचेल. पण मग काटा कुणी पाहिला, किती सरकलेला होता, कुठल्या तारखेला, हे सांगणार कोण? तो मोबाईलवाला?

आणि दुरुस्त केलं म्हटलं तर, "बघा, बोटं चालतात." आणि मदतनीस गेला.

हिला विचारलं. म्हटलं, सांग, काय करू? खोटं बोललो तर तुझी सकाळ सुटेल. ती माझा दुसरा बूट हातात घेऊन बसली होती.

"तुम्हाला जमणार आहे का खोटं?" ती म्हणाली. "उगाच तिथे जाऊन अडखळाल. खरंच सांगा."

म्हटलं, तुझं काय?

"माझं चाललंय की," ती म्हणाली आणि बूट चढवला.

मला बरं वाटलं. तिचं चाललंय.

१८ मार्च

आजचं लिहायला तीन दिवस लागतील, लागू देत.

अपील मंडळ तीन जणांचं. मधे अध्यक्ष बाई, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, ज्यांना जांभया येत होत्या. आमच्या बाजूला मी, सल्ला देणाऱ्या बाई आणि ही. यंत्राची पिशवी हिच्याकडे; तिने ती हाताने न धरता कोपरात अडकवली होती. तपासनीस आलाच नव्हता. त्याचा कागद आला होता.

अध्यक्ष बाईंनी कागद वाचला आणि सरळ विचारलं, "उपकरण तुम्ही दुरुस्त केलंत, हे खरं आहे?"

सल्ला देणाऱ्या बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"खरं आहे," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले.

"मग सूक्ष्म काम तुम्हाला जमतं."

"किती वेळात जमतं, ते त्या कागदात आहे का?"

त्यांनी कागद उलटून पाहिला. "नाही."

"कुठल्या हाताने? यंत्र कशात धरून? बूच कशाने काढलं? पेचकस किती वेळा पडला? नंतर किती दिवस चमचा धरवला नाही?"

"यातलं काही नाही इथे."

"मग तोलणारा हजर नव्हता, बाई. तो मोबाईलमध्ये होता. माझ्याकडे तसंच यंत्र आहे. मी काटा पाचावर सरकवून आणलाय. तुमच्या समोर शून्यावर आणतो. घड्याळ तेवढं बघा."

जांभयावाले गृहस्थ सावरून बसले. डॉक्टर म्हणाले, याची गरज नाही. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "आहे."

भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजून वीस मिनिटं. यंत्र गुडघ्यांत धरलं. बूच दातात. ते निघेना, हिरडीतून रक्त आलं, मग निघालं. पेचकस डाव्या हातात. स्क्रूची खाच केवढी, तांदळाच्या टोकाएवढी. पहिल्यांदा पेचकस पडला तेव्हा मी वाकून उचलला. दुसऱ्यांदा पडला तो टेबलाखाली गेला. ही उठली. मी म्हटलं, "बस. तिथेही कुणी उचलून दिला नव्हता."

मी खाली बसलो, गुडघ्यांवर, त्या तिघांच्या बुटांसमोर, आणि तो शोधला. राग इतका होता की डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मनगट थरथरायला लागलं होतं, त्यामुळे पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. मग पुन्हा. खाच सापडली. अर्धा फेरा. थांबलो. पाव फेरा.

काटा शून्यावर आला तेव्हा अकरा त्रेचाळीस झाले होते.

"तेवीस मिनिटं," अध्यक्ष बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. "पूर्वी किती वेळ लागायचा?"

"बोलता बोलता," मी म्हणालो. "कधी मोजला नाही."

डॉक्टर काहीतरी विचारणार होते, पण मी त्यांना संधी दिली नाही. इतक्या दिवसांचं तुंबलेलं होतं. म्हटलं, "माझं राहू द्या बाजूला. चौदा जानेवारीला तुमचा काटा पाच किलो पुढे होता. माझ्या आधी एक बाई होती, निळा स्कार्फ. तिला बारा सांगून घरी पाठवलंत. तिचे सात होते! तिच्या आधीच्यांचे किती होते ते तुम्हीच बघा. सगळ्यांना पुन्हा बोलवा. शून्यावर नसलेल्या काट्यावर तोललेलं धरत नाहीत, हे भाजीवाल्यालाही माहीत आहे."

"तो विषय आजच्या अपिलात नाही," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

"मग कुठल्या अपिलात आहे? त्यांना कळणार कसं की अपील करायचंय? त्यांना वाटतंय, आपलेच हात खोटे!"

सल्ला देणाऱ्या बाईंनी मला बाही धरून बसवलं. पण डॉक्टरांनी ते यंत्र हातात घेतलं होतं, उलटसुलट करून मागचा स्क्रू बघत होते. "कचेरीतलं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं, याची नोंद मागवा," ते हळूच म्हणाले. जांभयावाल्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर सल्ला देणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही माझं काही ऐकलं नाहीत." मग थोड्या वेळाने, "बरं झालं."

२ एप्रिल

मंजूर. सोमवारपासून मदतनीस येणार, सकाळी सहा ते नऊ.

पत्राच्या तळाशी दोन ओळी: "संबंधित उपकरणाच्या तपासणीची नोंद कार्यालयात आढळून आली नाही. यापूर्वीच्या मोजमापांबाबत यथावकाश निर्णय घेण्यात येईल." यथावकाश! म्हणजे त्या बाईच्या हाताला यथावकाश बरं वाटायला सांगायचं का? छटाक म्हणाला, "मिस्त्री, सोमवारी मदतनीस आटपून गेला की आपण दोघं तपासणीच्या दारात उभे राहू. येणाऱ्या प्रत्येकाला विचारू, तुम्ही चौदा जानेवारीला किंवा त्याआधी आला होतात का?" हेच ठरलं. सल्ला देणाऱ्या बाई कोरे अर्ज देणार आहेत.

हिला पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, टाळ्या वाजवेल. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून. "झालं ना एकदाचं," म्हणाली. आणि रडायला लागली. मी म्हटलं, अगं, आनंदाची गोष्ट आहे. ती म्हणाली, "हो."

३ एप्रिल

सकाळी बटणं लावताना ती चौथ्या बटणावर थांबली. बोटं वळेनात. तिने हात झटकला, फुंकर घातली, परत लावायला लागली. चार दिवस, चार महिने, किती दिवस मी हे बघतोय आणि बघत नाहीये, देव जाणे. तळवे वर करून मांडीवर ठेवलेले हात मी कुठे पाहिले होते ते मला काल रात्रभर आठवत नव्हतं. बाकावर पाहिले होते. निळा स्कार्फ.

मी यंत्र काढलं. टेबलावर ठेवलं. रिकामं असताना काटा शून्यावर होता, एका केसाएवढाही पुढे नाही. म्हटलं, "एकदा दाब."

"नको. परत माझ्यावर ओरडाल."

"नाही ओरडणार."

तिने दाबलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ आवळलेले, मान ताठ, होता नव्हता तो सगळा जोर. मग काट्याकडे बघितलं.

उजवा नऊ. डावा दहा.

तिने पटकन यंत्र खाली ठेवलं. "बिघडलंय ते," म्हणाली. "आधी वजन लटकवून बघा."

मी वजन लटकवलं नाही. म्हटलं, तो तपासनीस आणि मी एकाच माळेचे मणी. त्याने माझे सहा बघितले आणि मला खोटं ठरवलं. मी तुझे अकरा बघितले आणि यंत्र उघडलं. त्याला तर दोन तासांचीही ओळख नव्हती माझी. मी तर तुझ्यासोबत सत्तावीस वर्षं राहतोय. माझं चुकलं गं.

"चहा गार होतोय," ती म्हणाली. पण उठली नाही. तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातावर होता, दोघांचे मिळून पंधरा किलो.

दुपारी तिला घेऊन डॉक्टरांकडे जायचंय. लाँड्रीत निरोप दिलाय. आज शर्ट अर्धाच लागलाय, तीन बटणं उघडी आहेत, तसाच जाणार आहे.

नोंद: ३ एप्रिल. रिकामा काटा शून्यावर. उजवा नऊ, डावा दहा. यंत्रात दोष नाही.